बटर ट्रेमध्ये वाहिलं, पदर सुटलेच नाहीत: घरगुती पफ पेस्ट्रीच्या एका फसलेल्या खेपेचा अभ्यास

बेत साधा होता. पाव किलो मैद्याची पफ पेस्ट्री करायची, अर्ध्या पिठाचे मिल-फ्यॉय (पेस्ट्रीच्या पट्ट्यांमध्ये क्रीम भरून रचलेला गोड पदार्थ) आणि उरलेल्या अर्ध्याचे पामिए (साखर लावून दुमडलेल्या पिठाचे कुरकुरीत काप). ओव्हनमधून पहिला ट्रे बाहेर आला तेव्हा पेस्ट्री वितळलेल्या बटरमध्ये बसली होती. ते बटर वाटीत काढून तोललं, ४० ग्रॅम भरलं. त्या अर्ध्या पिठात घड्यांमधून गेलेलं बटर होतं १०० ग्रॅम. लाटताना ३४ × २६ सेंटिमीटर असलेली पोळी भाजून २८ × २५ झाली होती. एका कोपऱ्यात मोठा फुगा, बाकी सगळीकडे बिस्किटासारखी घट्ट. वरचा रंग सोनेरी, पण कापल्यावर मधोमध ओलसर, चिकट पट्टा. त्यावर क्रीम भरल्यावर तासाभरात खालचा थर भिजून वातड झाला.

एकाच ट्रेमध्ये एवढ्या खुणा एकत्र दिसल्या म्हणून हे प्रकरण उलगडून पाहण्यासारखं आहे. अशा वेळी ‘सगळं नीट थंड ठेवलं नाही’ असा एकच निष्कर्ष काढला जातो. इथे तो अर्धाच खरा होता. पहिली चूक बटर गरजेपेक्षा जास्त थंड असण्याची होती.

काय घेतलं आणि काय केलं

प्रमाणात खोट नव्हती. मैदा २५० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, गार पाणी १२५ मिलिलिटर, व्हिनेगर १ छोटा चमचा, मोहनासाठी वितळवून निववलेलं बटर ३० ग्रॅम, आणि घडीत घालायला बिनमिठाचं बटर २०० ग्रॅम. व्हिनेगरमुळे पीठ जरा ताणाळू होतं आणि फ्रीजमध्ये राहिल्यावर करडं पडायला वेळ लागतो. ते नसेल तर लिंबाचा रस चालतो. घडीचं बटर मात्र बदलू नये. ८० ते ८२ टक्के स्निग्धांशाचं साधं घट्ट बटर लागतं. पावाला सहज लावता यावं म्हणून तेल मिसळून मऊ केलेलं बटर इथे उपयोगाचं नाही, कारण ते फ्रीजबाहेर आल्या आल्या ढिलं पडतं.

स्वयंपाकघरात ३० अंश सेल्सिअस होतं. पीठ मऊ, एकजीव होईपर्यंत ८ मिनिटं मळलं आणि २० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवलं. बटर फ्रीजमधून थेट काढून, सुरीने पट्ट्या कापून, पिठाच्या पोळीवर शेजारी शेजारी मांडलं आणि पीठ चारही बाजूंनी बंद केलं. मग पीठ लाटून तीन पदरी घडी, अशा लागोपाठ तीन घड्या, १० मिनिटं फ्रीज, पुन्हा तीन घड्या. चौथ्या घडीपासून पीठ लाटण्याला चिकटू लागलं म्हणून वर भरपूर मैदा भुरभुरला. शेवटी पोळी लाटून लगेच ओव्हनमध्ये. ‘करपू नये म्हणून’ ओव्हन १८० अंशांवर होता. २५ मिनिटांनी वरचा रंग पाहून ट्रे बाहेर काढला.

खुणा वाचताना

फसलेली पेस्ट्री टाकून देण्याआधी दातेरी सुरीने उभी कापून उजेडात धरावी. आतला छेद बरंच काही सांगतो.

या छेदात दोन निरनिराळे भाग दिसले. फुग्याच्या कोपऱ्यात पदर सुटलेले, पण मध्येच मोठ्या पोकळ्या. बाकी भागात पदर नाहीतच, नुसता बारीक भुसभुशीत गर. पोकळ्या म्हणजे बटरचे तुकडे झाले होते. जिथे तुकडा होता तिथे वाफेने पीठ उचललं, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये जिथे बटर नव्हतं तिथे पिठाचे थर एकमेकांना चिकटून एकच झाले. भुसभुशीत गर म्हणजे बटर पिठात मुरलं होतं. अशा पिठाची पफ पेस्ट्री होत नाही, ते खुसखुशीत बिस्किटाचं पीठ होतं. दोन्ही चुका एकाच खेपेत झाल्या होत्या. सुरुवातीला बटर फुटलं आणि नंतर तेच वितळलं.

लांबी ६ सेंटिमीटर कमी झाली आणि रुंदी फक्त १, यावरून शेवटचं लाटणं कोणत्या दिशेला फिरलं ते कळतं. गव्हातलं ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, ताणलं गेलं की परत आखडतं. त्याला सैल पडायला वेळ मिळाला नाही तर ते ओव्हनमध्ये आखडतं, आणि तेही ज्या दिशेला ताणलं त्याच दिशेला. चारही बाजूंनी सारखी आखडलेली पोळी दिसली तर दोष बहुधा जास्त मळण्याचा असतो. इथे मळणंही जास्तच झालं होतं, पण मोठा वाटा विश्रांती न दिल्याचा.

चिकट पट्टा म्हणजे कच्चं राहिलेलं पीठ. थरांमध्ये काही ठिकाणी करड्या रेषा होत्या, तो भुरभुरलेला आणि न झटकलेला कोरडा मैदा.

मूळ कारण: बटर आणि पीठ यांचा घट्टपणा

पफ पेस्ट्री फुगते ती पाण्याच्या वाफेने. पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे १६०० पट जागा लागते. पिठात पाणी असतं, बटरमध्येही साधारण १६ टक्के असतं. वाफ वर सरकू पाहते आणि बटरचा अखंड थर तिला अडवतो, म्हणून वरचा पदर उचलला जातो. थर तुटलेला असेल तर वाफ फटीतून निघून जाते. घड्या घालताना जी मेहनत करायची ती बटरचा थर शेवटपर्यंत अखंड राहावा यासाठी.

बटर अखंड पसरायला ते पिठाइतकंच मऊ किंवा पिठाइतकंच घट्ट हवं. ५ अंशांवरचं बटर ठिसूळ असतं, मऊ पिठावर लाटणं फिरलं की ते काचेसारखं तडकतं. २० अंशांच्या पुढे ते पिठात शिरू लागतं आणि ३५ अंशांच्या आसपास पूर्ण वितळतं. या दोन्हींच्या मध्ये, साधारण १३ ते १६ अंशांवर, बटर लवचीक असतं. वाकतं, पण तुटत नाही आणि चकाकतही नाही. पफ पेस्ट्रीचं सगळं काम या तीन-चार अंशांत उरकायचं असतं. म्हणून ‘थंड ठेवा’ ही सूचना अपुरी आहे. फ्रीजमधून तासाभराने काढलेलं पीठ लगेच लाटायला घेतलं तर आतलं बटर फुटतं, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. फार तर वरच्या पातळ पिठाखाली फिकट पिवळे, नकाशातल्या बेटांसारखे ठिपके दिसतात. ते दिसले की लाटणं लगेच थांबवावं, पाच मिनिटं पीठ बाहेर राहू द्यावं, मग लाटण्याने हलके ठोकत पुढे जावं. पहिल्या-दुसऱ्या घडीपर्यंत हे दुरुस्त होतं. नंतर होत नाही.

ओव्हनचं तापमान ही दुसरी बाजू. ओव्हनमध्ये बटर पहिल्या काही मिनिटांतच वितळतं. पिठातला स्टार्च मात्र ६० अंशांच्या पुढे पाणी शोषून फुगू लागतो, आणि जोराची वाफ १०० अंशांजवळ. या मधल्या वेळात पातळ झालेल्या बटरला धरून ठेवणारं कोणी नसतं. ओव्हन १८० वर असला की हा वेळ लांबतो आणि बटर ट्रेमध्ये उतरतं. २१० वर तो आखूड होतो. करपण्याची भीती असेल तर तापमान नंतर उतरवावं, सुरुवातीला नाही.

दुसरी खेप

प्रमाण तेच ठेवलं. पीठ या वेळी मळलं नाही. कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंत हाताने गोळा केला, वर सुरीने फुलीची चीर दिली, १५ सेंटिमीटरचा चौकोनी ठोकळा करून गुंडाळला आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवला. असा गोळा खडबडीत, ओबडधोबड दिसतो. त्याची काळजी करू नये, घड्या घालताना लाटणंच त्याला पुरेसं मळतं. रात्रभर शक्य नसेल तर निदान एक तास द्यावा.

बटर पेपरचं १४ × १४ सेंटिमीटरचं पाकीट केलं, त्यात २०० ग्रॅम बटर ठेवून लाटण्याने ठोकून चारही कोपऱ्यांपर्यंत भरलं. जाडी साधारण १ सेंटिमीटर येते. पट्ट्या मांडण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण ठोकल्याने बटर न वितळता लवचीक होतं. पाकीट थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून बाहेर काढलं आणि टोचायच्या थर्मामीटरने १४ अंश दाखवेपर्यंत थांबलं. थर्मामीटर नसेल तर पाकीट ओट्याच्या कडेवर धरून वाकवून पाहावं. चिरा पडल्या तर अजून थांबायचं. बोटाचा ठसा उमटून त्या जागी ओलसर चमक आली तर परत फ्रीजमध्ये. पिठालाही त्याच वेळी बोटाने दाबून पाहावं. दोन्हींचा प्रतिकार सारखा वाटला पाहिजे. थर्मामीटरच्या आकड्यापेक्षा या चाचणीवर जास्त भरवसा ठेवावा.

पीठ २१ सेंटिमीटरच्या चौकोनात लाटलं, बटर त्यावर तिरकं ठेवलं आणि चारही कोपरे पाकिटासारखे मध्यावर आणून कडा चिमटीने बंद केल्या. ओट्यावर दहा मिनिटं बर्फाचा ट्रे ठेवून जागा गार केली आणि कोरडी पुसली. मग ४५ × १५ ची पट्टी लाटून पत्रासारखी तीन पदरी घडी घातली. लाटण्याआधी पूर्ण पट्टीवर लाटणं दाबत खाचा पाडल्या, त्यामुळे बटर सगळीकडे एकाच वेळी सरकू लागतं. पट्टीच्या टोकांवरून लाटणं खाली घसरू दिलं नाही, तसं झालं तर टोकाचं बटर पिळून बाहेर येतं. प्रत्येक घडीआधी मऊ ब्रशने मैदा झटकला. घडीचं पीठ ९० अंशांत वळवून दुसरी घडी. दोन घड्या झाल्या की एक तास फ्रीज, बाहेर काढल्यावर ५ ते ८ मिनिटं ओट्यावर, मग पुढच्या दोन. ३० अंशांच्या खोलीत एका घडीला चार-पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळत नाही. अर्ध्यात मऊ पडलं तर अर्ध्यातच ट्रेवर घालून परत फ्रीजमध्ये ठेवावं, घडी पूर्ण करायचा हट्ट धरू नये.

घड्या सहाऐवजी पाच घातल्या. तीन पदरी घडीचा हिशेब असा: बटरचे थर ३, ९, २७, ८१, २४३ आणि सहाव्या घडीला ७२९. पण ३ मिलिमीटरच्या पोळीत बटरचे ७२९ आणि पिठाचे ७३० थर कोंबायचे तर एकेक थर सुमारे २ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) होतो, आणि गव्हाच्या स्टार्चचे मोठे कण २० मायक्रॉनच्या पुढे असतात. ७२९ हा आकडा कागदावरचा आहे. अनुभवी हात आणि गार खोली असेल तर सहाव्या घडीने पोत आणखी बारीक व एकसारखा येतो. उकाड्यात ती घडी मिळवून देण्यापेक्षा बिघडवण्याचीच शक्यता जास्त.

शेवटी पिठाचे दोन भाग केले. एका भागाची ३ मिलिमीटर जाडीची ३४ × २६ सेंटिमीटर पोळी लाटली, ट्रेवर घेतली आणि ४० मिनिटं फ्रीजमध्ये ठेवली. ट्रेवर ठेवण्याआधी पोळी दोन्ही हातांवर उचलून हलकेच खाली सोडली. आखडायची ती तिथेच थोडी आखडते, मग कडा धारदार सुरीने सरळ खाली दाबून नीट कराव्यात. सुरी ओढत कापलं तर कडेचे पदर एकमेकांना चिकटतात.

भाजणं

ओव्हन २१० अंशांवर अर्धा तास आधी लावला. तापल्याचा दिवा विझतो तेव्हा आतली हवा तापलेली असते, ओव्हनच्या भिंती नाही. दार उघडताच तापमान कोसळतं. पोळीला दर २ सेंटिमीटरवर काट्याने आरपार टोचे मारले, कारण मिल-फ्यॉयला उंच फुगा नको, सपाट आणि सारखे पदर हवेत. १२ मिनिटं उघडी भाजली, मग वर बटर पेपर आणि दुसरा ट्रे दाबून १५ मिनिटं. ट्रे काढून तापमान १८० केलं आणि आणखी १२ मिनिटं ठेवली. रंग सोनेरी झाला म्हणून काढू नये, कडा उचलून खालची बाजू आणि छेद पाहावा. आतपर्यंत तांबूस तपकिरी हवा. फिकट पेस्ट्रीला चव नसते आणि ती क्रीमखाली तग धरत नाही.

मग वर २० ग्रॅम पिठीसाखर चाळणीने पसरून २३० अंशांवर ३ ते ५ मिनिटं. साखर वितळून काचेसारखा थर झाला पाहिजे. या वेळी ओव्हनसमोरून हलायचं नाही, कारण चकाकी आणि करपट यांत अर्ध्या मिनिटाचं अंतर असतं. हा थर शोभेबरोबरच क्रीममधल्या पाण्याला अडवायचंही काम करतो, म्हणून खालच्या पोळीवरही तो हवा.

या खेपेत ट्रेवर बटरचे जेमतेम काही थेंब होते आणि पोळी ३३ × २५ भरली. एक उणीव राहिली. एक कोपरा बाकीपेक्षा जाड आणि कोरडा होता, कारण पाकिटाच्या त्या टोकापर्यंत बटर पोचलं नव्हतं. बटर भरताना कोपरे अंगठ्याने दाबून घेतले की हे टळतं.

मिल-फ्यॉय जुळवताना

पहिल्या खेपेचं क्रीम पेस्ट्रीइतकंच दोषी होतं. दूध ५०० मिलिलिटर, अंड्यातले पिवळे बलक ४, साखर १०० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम, शेवटी बटर ३० ग्रॅम, हे प्रमाण चांगलं घट्ट होतं. पण ते दाट होताच गॅस बंद केला होता. बलकात स्टार्च तोडणारं एन्झाइम असतं. ते उकळीनेच निकामी होतं, नाहीतर रात्रीतून क्रीम पातळ होतं. मोठे बुडबुडे फुटू लागल्यावर सतत ढवळत एक पूर्ण मिनिट उकळायचं. नंतर उथळ ट्रेमध्ये ओतून, पृष्ठभागाला टेकेल असं प्लॅस्टिक लावून गार करायचं, आणि वापरताना फेटून गुळगुळीत करायचं.

पेस्ट्रीच्या कडा कापून ३० × २४ चा आयत केला, त्याच्या ३० × ८ च्या तीन पट्ट्या. वरच्या पट्टीचे ५ सेंटिमीटरचे सहा तुकडे आधीच कापून घेतले. हे फार महत्त्वाचं आहे. अख्खी पट्टी ठेवून वरून कापायला गेलं की सुरीच्या दाबाने क्रीम बाजूंनी बाहेर येतं आणि तुकडा कोसळतो. खालची पट्टी, एक सेंटिमीटरपेक्षा थोडं जास्त क्रीम, मधली पट्टी, पुन्हा क्रीम, वर तुकडे. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून त्या तुकड्यांच्या फटींतून दातेरी सुरी खाली नेली. पेस्ट्री पूर्ण गार झालेली हवी, आणि जुळवल्यावर दोन-तीन तासांत खाल्लं पाहिजे. आदल्या रात्री भरून ठेवलेलं मिल-फ्यॉय कोणत्याही युक्तीने कुरकुरीत राहत नाही. पट्ट्या आणि क्रीम आदल्या दिवशी वेगवेगळे करून ठेवता येतात.

उरलेला अर्धा भाग

पामिएसाठी ओट्यावर मैद्याऐवजी साखर पसरली, एकूण ७० ग्रॅम, आणि दुसरा भाग त्यावर ३० × २५ चा लाटला. दोन्ही लांब बाजूंनी मध्यापर्यंत दुमडायचं, पुन्हा एकदा तसंच, मग पुस्तकासारखं मिटायचं. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून १ सेंटिमीटरचे काप केले आणि एकमेकांपासून चांगले दूर ठेवले. हे काप वर फुगत नाहीत, आडवे पसरतात. २०० अंशांवर १० मिनिटं, मग उलटून ६ ते ८ मिनिटं. उलटायला उशीर झाला की खालची साखर कडू होते.

साखर लावलेलं पीठ रात्रभर ठेवायचं नाही. साखर पाणी ओढून घेते आणि सकाळी पिठाभोवती पाक साचलेला असतो. नुसतं पीठ फ्रीजमध्ये दोन दिवस राहतं, त्यानंतर करडं पडू लागतं. जास्त दिवस ठेवायचं तर सपाट लाटून, घट्ट गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवावं आणि वापरण्याआधी रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात सोडावं.

कडेच्या कच्च्या कातरणांचा गोळा करू नये, त्याने पदर मोडतात. त्या एकावर एक आडव्या रचून, दाबून, एकदा लाटाव्यात. त्यांची फूग थोडी कमी येते, पण साखर लावून पिळलेल्या काड्यांना तेवढी पुरते.